चेंज किती वाजता आहे?

वजनकाटा बाथरूममधून हॉलमध्ये आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. बाहेर जुलैचा पाऊस, खुर्च्यांच्या पाठींवर दोन दिवस वाळत पडलेले टॉवेल आणि सतरंजीच्या मधोमध मेलबर्नला शिकायला निघालेल्या भाचीची बॅग. मोजायची आमची रीत जुनीच. आधी भाचीने एकटीने काट्यावर उभं राहायचं, मग बॅग कवेत घेऊन, आणि वजाबाकी ताईने करायची. पहिली वजाबाकी आली ३६ किलो. तिकिटावर परवानगी ३० ची.

"डाळ काढ," मी म्हटलं. "मेलबर्नला डाळ मिळते."

"डाळ राहू दे मावशी, हे जाकीट काढू या."

"जाकीट काढायचं असेल तर तू जाऊच नकोस," ताई म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

लेह-लडाखच्या सहलींचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून ते आणलं होतं. उणे पंधरा अंशांपर्यंत चालतं अशी चिठ्ठी त्याला अजून लटकत होती. उशीएवढं फुगलेलं, दोन किलोंचं. त्याच्या जोडीला थर्मलचे चार जोड, दोन मफलर, माकडटोपी, आणि आजीने तिच्या मऊ झालेल्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. जुलैत पुण्यात लोकरीचं काही विकत घेणं हीच मुळात एक मोहीम असते. थंडीत शहरात येणारे तिबेटी स्वेटरवाले त्या दिवसांत नसतात, आणि दुकानदार माळ्यावरून खोकं काढताना आपल्याकडे दयेने बघतो. ताईने ही मोहीम तीन रविवार चालवली होती. त्यामुळे त्या बॅगेतल्या प्रत्येक कपड्यामागे तापमान कमी होतं आणि आईची झोप जास्त.

मेलबर्न शहरात बर्फ पडत नाही, हे मला नंतर कळलं. बर्फ बघायला लोक गाडी काढून माउंट बुलरसारख्या डोंगरांवर जातात. शहरात ऐन जुलैत रात्रीचं सरासरी तापमान सहा-सात अंश असतं. म्हणजे फार तर निफाड. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा याच्याही खाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि वर्तमानपत्रांत त्याच त्या शेकोटीचा फोटो येतो. मग घाबरायचं कशाला? घाबरायचं दुपारला. निफाडला पहाटे कुडकुडलेला माणूस बारा वाजता स्वेटर कमरेला बांधून फिरतो, कारण पारा पंचवीसच्या पुढे गेलेला असतो. मेलबर्नची जुलैतली दुपार चौदावर अडते. दिवस उगवतो पण तापत नाही. आपल्या अंगाला सवय आहे ती थंडी रात्री सोसून दिवसा विसरण्याची, आणि तिथे विसरायला वेळच मिळत नाही. हे काही उणे पंधराच्या जाकिटाचं काम नव्हे. ट्रॅममध्ये चढलं की ते काढावं लागतं, आणि काढल्यावर ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतो.

पण थंडी हा त्या शहराचा मुख्य मुद्दाच नाही. मुख्य मुद्दा आहे वारा.

आपल्याकडे उत्तरेचा वारा सुटला की थंडी वाढते, हे कोणी शिकवावं लागत नाही. मेलबर्नला उत्तरेचा वारा सुटला की भट्टी पेटते. नकाशा उलटा धरला की कळतं. शहराच्या उत्तरेला खंडाचा कोरडा, तापलेला पोटभाग आहे आणि दक्षिणेला बास सामुद्रधुनी, टास्मानिया आणि मग थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणी. हवेचे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातात. पट्टा यायच्या आधी उत्तरेकडचा गरम वारा खेचला जातो, आणि पट्टा पुढे गेला की नैऋत्येकडून समुद्राची गार हवा आत घुसते. हा बदल दिवसभरात हळूहळू होत नाही, दार ढकलून कोणी आत यावं तसा होतो. अर्ध्या-पाऊण तासात पारा पंधरा अंशांनी उतरणं ही तिथे बातमी होत नाही. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नने ४६.४ अंश पाहिले, हा शहराचा आजवरचा उच्चांक. त्याच संध्याकाळी वारा फिरला. शहरात लोकांनी सुटकेचा श्वास घेतला, पण आसपासच्या रानात वाऱ्याने दिशा बदलली तशी वणव्याची लांब कड हीच त्याचं तोंड झाली. त्या वणव्यांत १७३ माणसं गेली. तेव्हापासून असेल किंवा त्याच्या आधीपासूनही, पण वाऱ्याच्या या पलटीला तिथे सरळ 'चेंज' म्हणतात आणि तिची वेळ विचारतात, जशी आपण गाडीची विचारतो. चेंज किती वाजता आहे? हवामान खात्याचं ॲप सांगतं, साधारण चारला. आणि साधारण चारला ती येते.

आपला पावसाळा वेळ चुकवतो, पण त्याचं वेळापत्रक तरी महिन्यांचं असतं. मृग, आर्द्रा, हस्त. हत्ती, बेडूक, मेंढा अशी वाहनं त्याला असतात. छत्री कधी काढायची आणि माळ्यावर कधी टाकायची हे घराला ठाऊक असतं. आम्ही बॅग भरली ती याच हिशेबाने: तिथे हिवाळा आहे, तेव्हा हिवाळ्याचे कपडे. हिवाळा ही वस्तू तीन महिन्यांची असते आणि तिला एक ठरलेला पोशाख असतो, अशी आमची समजूत. आणि मेलबर्न पावसाचं शहर आहे असंही कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून गमबूट. वस्तुस्थिती अशी की मेलबर्नला वर्षाला ६५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याला ७०० च्या वर. ऊन आणि समुद्रकिनाऱ्यांसाठी मिरवणाऱ्या सिडनीला १२०० च्या आसपास. फरक एवढाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि मेलबर्नचा बारा महिने, आज थोडा, उद्या थोडा, उधारी फेडल्यासारखा पडतो. त्याला गमबूट लागत नाहीत. छत्री तर नकोच. पुढे तिच्याकडे गेले तेव्हा शहराच्या मध्यवस्तीतल्या कचऱ्याच्या डब्यांत उलट्या झालेल्या, काड्या मोडलेल्या छत्र्या मी मोजायला सुरुवात केली होती. एका दुपारी अकरापर्यंत मोजून सोडून दिलं.

कपड्यांचा हा घोळ काही आजचा नाही. सप्टेंबर १८८८ च्या अखेरीस विलायतेला पोचलेल्या तरुण गांधींनी, उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख घातला आणि बंदरावर बघतात तर तसे कपडे घातलेले ते एकटेच. बाकीचं सामान एजंटाच्या ताब्यात, किल्ल्याही त्याच्याकडे, आणि मध्ये आला रविवार. आत्मकथेत त्यांनी ही लाज लपवलेली नाही. आनंदीबाई जोशींचं प्रकरण याहून खोल आहे. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर. वेश बदलणार नाही हे त्यांनी निघण्यापूर्वीच जाहीर सभेत सांगितलेलं. मग फिलाडेल्फियाची थंडी आली, आणि नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात ही गोष्ट, जिचा कल्याणात कोणी विचार केला नसता, ती रोजची झाली. त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी नेसू लागल्या. राहत्या खोलीतली शेकोटी मात्र धड नव्हती. पेटवावी तर धूर कोंडायचा, विझवावी तर गारठा. डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, वयाची बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. त्यांच्याबद्दल लिहिताना आपण जिद्द, समाज, पती गोपाळराव हे सगळं लिहितो. त्या खोलीतल्या हवेबद्दल जरा कमीच लिहितो.

खोलीतली हवा हा मेलबर्नच्या थंडीतलाही कळीचा विषय आहे, आणि तो कुठल्याही सामानाच्या यादीत नसतो. मी भाचीकडे पहिल्यांदा गेले ते ऑगस्टमध्ये. पश्चिमेकडच्या टार्नीट भागात ती इतर तिघींबरोबर राहत होती. या बाजूला भारतीय वस्ती दाट आहे, किराणा दुकानात फोडणीचा वास येतो, आणि जमीन सपाट. बेसाल्टचं पठार आहे ते, ज्वालामुखीचं. त्या काळ्या दगडाला तिथे ब्लूस्टोन म्हणतात आणि शहरातल्या जुन्या बोळांत त्याचीच फरसबंदी आहे. आपल्या वाड्यांच्या जोत्याचा दगड तिकडे भेटल्यावर मी उगीचच त्यावर हात फिरवून बघितला. तर या उघड्या पठारावर वाऱ्याला अडवायला काही नाही. टार्नीट स्टेशनच्या फलाटावर सकाळी सातला उभं राहिलं की तो बाहीतून शिरतो आणि गळ्यातून निघतो. पण बाहेर मला थंडी वाजली नाही. वाजली ती घरात.

तिथली पुष्कळ घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधल्यासारखी असतात. एकेरी काचांच्या खिडक्या, दारांखाली बोटभर फट, भिंतीत ऊब धरून ठेवणारा थर नाही किंवा नावापुरता. व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून भाड्याच्या घरात मुख्य खोलीत पक्का बसवलेला हीटर असणं कायद्याने बंधनकारक झालं, यावरून त्याआधी काय होतं याची कल्पना यावी. हीटर आहे म्हणून तो लावतात असंही नाही. चार विद्यार्थिनींच्या घरात हीटरचं बटण हे दुधाच्या पिशवीइतकंच वादाचं असतं. बिल चौघींत वाटायचं, आणि एकीची शिफ्ट रात्रीची. त्यामुळे घरात कोणी चालताना दिसलं की आधी दुलई चालत येताना दिसायची. तिला तिथे डूना म्हणतात. डूना पांघरून चहा, डूना पांघरून असाइनमेंट. ताईने तीन रविवार खपून जमवलेले थर्मल बाहेर फिरण्यासाठी होते. वापरले गेले घरात. आणि आजीची गोधडी, जी वजनाच्या रात्री दोनदा बॅगेतून बाहेर काढून दोनदा परत आत गेली होती, ती सगळ्यांत जास्त वापरली गेली. डूनाच्या आत गोधडी घेतली की मधली हवा हलत नाही, असा शोध भाचीने लावला होता. हलत नसलेली हवा हीच ऊब, हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात असतंच, पण आजीच्या सात थरांच्या धावदोऱ्यात ते आधीपासून होतं.

लेहचं जाकीट दाराच्या मागे खुंटीवर होतं. त्यात चार्जर ठेवत असत.

त्याच्याऐवजी तिने काय घेतलं? एक पातळ लोकरी बनियन, मरिनोचं, सेलमध्ये. एक साधं झिपवालं फ्लीस. आणि वरून वारा-पाणी अडवणारं, पाठीच्या सॅकमध्ये मुठीएवढं होणारं कवच. तिन्ही मिळून लेहच्या जाकिटाच्या निम्म्या वजनाची. सकाळी तिन्ही अंगावर, अकराला कवच सॅकमध्ये, दुपारी फ्लीस कमरेला, चारला चेंज आली की उलट्या क्रमाने सगळं परत अंगावर. तिला हे कोणी शिकवलं नाही, पहिल्या महिन्यात दोनदा भिजून आणि एकदा ट्रॅममध्ये घामाने चिंब होऊन आलं. सुती टी-शर्टावर सुती हुडी, त्यावर जाकीट असा आपला पोशाख असतो, आणि सुताची एक खोड आहे: ते पाणी पितं आणि धरून ठेवतं. घामाने ओलं झालेलं सूत वाऱ्यात आलं की अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, आम्हाला हे कुठून ठाऊक असणार, असं मी म्हणणार होते. मग फलटणच्या रस्त्यावर पाहिलेला धनगर आठवला. मुसळधार पाऊस, मेंढरं घेरात उभी, आणि हा डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन शांत. पाणी घोंगडीवरून ओघळत होतं. माझ्या गाडीत त्या वेळी तीन छत्र्या आणि दोन रेनकोट होते आणि काच उतरवायची माझी हिंमत नव्हती. लोकरीचं शहाणपण आपल्याकडेही आहे, फक्त ते आपण पांढरपेशांनी कधी विचारून घेतलं नाही. व्हिक्टोरियाचा तर एके काळचा पैसाच मेंढीच्या पाठीवर उभा होता. मेलबर्नहून तासाभरावरच्या जिलाँगला लोकरीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मी तिथे जायचं म्हटल्यावर भाचीच्या मैत्रिणींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही.

लोकरीच्याच नव्हे, बुटांच्याही बाबतीत एक सांगायला हवं. भाचीने सिंहगड चढायचे बूट तसेच पिशवीत घातले होते, तळाला लाल मातीसकट. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवाशाला जो फॉर्म भरून द्यावा लागतो त्यात माती लागलेल्या बुटांचा स्पष्ट प्रश्न असतो. ज्या खंडाने ससे आणून स्वतःचं वाटोळं करून घेतलं तो आता परक्या मातीच्या चिमटीलाही भितो. तिने खरं लिहिलं, अधिकाऱ्याने तळवे उलटे करून पाहिले, आत नेऊन धुऊन आणून दिले. लोणच्याबद्दल विचारलं आणि सोडलं. सिंहगडाची माती मात्र विमानतळाच्या मोरीत गेली. बूट घासूनच न्यावेत.

उन्हाबद्दल आपण बेफिकीर असतो, कारण ऊन आपलंच. तिथे शाळेत टोपी नसेल तर मुलाला मैदानावर खेळू देत नाहीत, सावलीत बसवतात. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणजे नेमकी त्यांच्या उन्हाळ्यात, आणि हवा स्वच्छ. एकोणीस अंशांच्या गार, ढगाळ दिवशीही नाक सोलवटतं. आमच्या यादीत माकडटोपी होती, रुंद काठाची टोपी नव्हती.

आणि एक वस्तू औषधांच्या डब्यातली. 'पफर' या शब्दाला मेलबर्नमध्ये दोन अर्थ आहेत: फुगलेलं जाकीट, आणि दम्याचा फवारा. दोन्ही वाऱ्याशी जोडलेले. २१ नोव्हेंबर २०१६ ला, उकाड्याच्या दिवसानंतर संध्याकाळी गडगडाटासह चेंज आली. उत्तरेकडच्या कुरणांतल्या राय गवताचे परागकण वादळात ओले होऊन फुटले आणि त्यांची भुकटी शहरभर पसरली. काही तासांत हजारो लोक श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयांत धावले, दहाजण दगावले. कित्येकांना आपल्याला दमा आहे हेच तोवर ठाऊक नव्हतं, आणि भारतीय-श्रीलंकन वंशाच्या लोकांना त्याचा फटका अधिक बसला. भाचीला लहानपणी परागकणांच्या शिंका यायच्या. ताईने ही गोष्ट ऐकल्यापासून ऑक्टोबर लागला की तिचा रोजचा पहिला प्रश्न जेवलीस का हा नसतो, फवारा पर्समध्ये आहे का हा असतो. तो तिथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. माझ्या मते आपल्या मुलांसाठी यादीत पहिला पफर हा, दुसरा नंतर.

एवढं सगळं पाहिल्यावर, यंदा शेजारच्या मुलाची बॅग भरताना मी जरा आगाऊपणाच केला. जीन्स एकच ठेवली, कारण तिथल्या हिवाळ्यात घरात ती तीन दिवस वाळत नाही आणि वाळली तरी पत्र्यासारखी होते. जाकीट बॅगेत नाही, अंगावर. अंगावरच्या कपड्यांचं वजन होत नाही, म्हणून जुलैत मुंबई विमानतळावर पोरं फुगीर जाकिटं घालून, खिशांत कॅल्क्युलेटर आणि डिंकाचे लाडू कोंबून, घामाने निथळत रांगेत उभी असतात. वेड्यासारखं दिसतं, पण पहाटे मेलबर्नचं सरकतं दार उघडतं तेव्हा शहाणी तीच ठरतात. पांढऱ्या फ्लॅनेलचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही. बाकी गरम कपडे तिथेच घ्यायचे, चालणाऱ्या माणसांकडे बघून. जुन्या कपड्यांची धर्मादाय दुकानं आहेत, त्यांना ऑप शॉप म्हणतात, तिथे लोकरीचे कोट मिळतात. मुलाच्या आईने हे ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या अंगचा कोट आपला मुलगा घालणार, हे तिला पटलं नाही. मी वाद घातला नाही. माझ्या ताईलाही पटलं नसतं.

या जानेवारीत मी पुन्हा गेले, संक्रांतीच्या वेळी. भाची आता नोकरीला लागली आहे, घर दोघींचं आहे, गाडी जुनी पण तिची. मी तिच्यासाठी चंद्रकळा नेली होती. संक्रांतीला काळं नेसायचं, कारण थंडीत काळा रंग ऊब धरतो. तीळ आणि गूळही त्याच हिशेबाने. पंचांगाने तारीख दिली १४ जानेवारी, आणि त्या दिवशी टार्नीटमध्ये ३९ अंश. सकाळपासून उत्तरेचा वारा. अंगणातली वाळत घालायची दांडी गरगर फिरत होती आणि कपडे तासाभरात कोळशासारखे कडक. एका घरी हळदीकुंकू होतं, तीस-पस्तीस बायका, सगळ्या काळ्या साड्यांत, एसी कण्हत होता आणि हलव्याचे दागिने घातलेलं एक बाळ उकाड्याने रडत होतं. तिळगूळ घेताना तो बोटांना चिकटत होता. वाणाला कोणीतरी दोऱ्यांची रिळं दिली, कोणी सनस्क्रीनच्या छोट्या नळ्या दिल्या, ज्यावर मी हसले आणि मग एक मागून घेतली.

"चेंज किती वाजता आहे गं?" स्वयंपाकघरातून यजमानीणबाईंनी विचारलं.

"सव्वापाच," चार-पाचजणी एकदम म्हणाल्या.

पाच वाजून वीस मिनिटांनी मागचं दार धाडकन आपटलं. कोणीतरी एसी बंद केला, कोणीतरी खिडक्या सताड उघडल्या. पहिली झुळूक आली तेव्हा सगळ्यांनी हा-हा केलं, दहा मिनिटांनी दोघींनी पदर खांद्यांवरून घेतला, आणि अर्ध्या तासाने आम्ही निघालो तेव्हा फाटकाशी बारीक पाऊस होता आणि माझे दात वाजत होते. मी पुण्याहून येताना स्वेटर आणला नव्हता. जानेवारी, उन्हाळा, असा माझा हिशेब.

रस्त्यावर ओळीने गाड्यांच्या डिक्या उघडल्या. प्रत्येकीच्या डिकीत एक पिशवी होती. त्यातून जाकिटं निघाली, शाली निघाल्या, एकीचा नवऱ्याचा रेनकोट निघाला. भाचीने तिच्या पिशवीतून ते लेहचं उणे पंधराचं जाकीट काढलं आणि साडीवरून माझ्या खांद्यांवर टाकलं.

"चार्जर आहे खिशात," ती म्हणाली, "टोचला तर काढून ठेव."